सिंकखालचे पाइप

रविवार, रात्र. जळगाव.

आजचा दिवस सिंकखाली गेला. वाकला होता प्लंबर, टॉर्च धरून मी.

नणंदेच्या पुण्याच्या घरी कचरा दळायचं मशीन बघितलं तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात ते बसलं होतं. स्वयंपाकघराचं काम निघालंच होतं, मग डबल बाउल सिंक आलं आणि डाव्या बाउलखाली ते मशीनही. त्यात पाती नसतात, हे मला आजच कळलं. चकती गरागरा फिरते, तिच्यावर सैल बसवलेले धातूचे तुकडे खरकटं कडेच्या खरखरीत कड्यावर रगडतात आणि लगदा पाण्यासोबत निघून जातो. जॉन हॅमिस नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने १९२७ साली हे काढलं. त्याच्या घरी कळण्याची भाकरी नि शेवभाजी नसणार, एवढं नक्की.

मशीन बसवणं सोपं होतं. सिंकचं भोक साडेतीन इंची हवं, ते तसंच होतं. खरी कटकट पाइपांची. मशीन खाली लोंबतं, त्याचं तोंड सिंकच्या तळापेक्षा बरंच खाली येतं. भिंतीतला जुना पाइप मात्र जुन्या सिंकच्या हिशेबाने घातलेला, म्हणजे मशीनच्या तोंडापेक्षा उंचावर. तसंच जोडलं असतं तर घाण पाणी मशीनच्या पोटात साचून राहिलं असतं. शेवटी दोन टाइल्स फोडून भिंतीतलं तोंड खाली घेतलं. टाइल्स नव्या होत्या, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मग प्लंबरने दोन्ही बाउल साध्या टीने, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराच्या जोडाने, जोडले नि पाणी सोडलं. मशीन चालू केलं तर डाव्या बाउलातला शेंगदाण्याचा कूट उजव्या बाउलात, धुतलेल्या कोथिंबिरीत वर आला! सासूबाई दारातून म्हणाल्या, "वा, एकीकडून टाका, दुसरीकडून घ्या." प्लंबरही हसला. "ताई, पानीले वाट येकच शे." मशीन पाणी जोराने ढकलतं आणि साध्या टीमध्ये ते अडवायला काही नसतं. आत पडदा असलेली टी मिळते, पण ती आपल्याकडच्या दुकानात मिळाली नाही. मग दोन्ही बाउलना वेगवेगळे पी ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारे वाकडे पाइप, लावले आणि पुढे दोन्ही पाइप तिरक्या वायने (Y आकाराच्या जोडाने) एकत्र केले, वायचं तोंड पाणी वाहतं त्या दिशेला. पाइपांचं गाव म्हणवतो आपण, त्यामुळे वाय लगेच मिळाली.

दोन गोष्टींवर मी अडून बसले. एक, घड्या-घड्यांचा लवचीक वेस्ट पाइप नको. त्या घड्यांत लगदा अडकतो, पुढे वास आणि झुरळं. सरळ पीव्हीसीच हवा, मीटरमागे दोनेक सेंटिमीटर ढाळ देऊन. दुसरी, बाटलीसारखा दिसणारा बॉटल ट्रॅप नको. हात धुवायच्या बेसिनला तो ठीक, दळलेल्या खरकट्याला आतली वाट अरुंद पडते. ट्रॅपमध्ये पाच सेंटिमीटर पाणी उभं राहतं, तेच बाहेरचा वास अडवतं. मे महिन्यात गावाला जाऊन आलं की घरात जो भपकारा येतो तो म्हणूनच. उन्हाने ते पाणी आटलेलं असतं.

संध्याकाळी दोन्ही बाउल काठोकाठ भरून बूच एकदम काढले, खाली वर्तमानपत्र पसरून. कागद कोरडा राहिला. हे खूश.

मला मात्र मागच्या अंगणातला शोषखड्डा आठवत होता. आमच्या स्वयंपाकघराचं पाणी जाळीच्या ट्रॅपमधून तिथेच जातं. बारीक लगदा नि तेल मातीची छिद्रं बुजवतात, मग खड्डा पाणी पीत नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरातही जुन्या गटारांच्या भीतीने या मशीनवर कित्येक वर्षं बंदी होती, ती १९९७ मध्ये उठली. आपला खड्डा तर विटांचा.

तेव्हा जेवणानंतर यादी ठरली. केळीची साल गायीला. भरताच्या वांग्याची जळकी साल, मक्याचं कणीस, कांद्याची पात ओल्या कचऱ्यात. धागे चकतीला गुंडाळतात. उरलेला भात नि भिजलेलं पीठ नाही, फुगून पाइपात बसतं. शेवभाजीची तर्री तर अजिबात नाही, ती आधी कागदाने पुसायची.

ह्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "मग मशीनमध्ये घालायचं काय?"

ताटाला चिकटलेली चार शितं, म्हटलं. आणि गार पाणी सोडून.