चाळीसऐवजी नऊ मायक्रोअँपिअर

नायोबियमच्या दोन पातळ थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा जेमतेम नॅनोमीटरभर जाडीचा थर असलेले जोसेफसन जंक्शन (दोन अतिसंवाहकांमधला, म्हणजे अतिथंडीत विद्युत रोध उरत नाही अशा पदार्थांमधला, सांधा) मी पहिल्यांदा द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे ४.२ केल्विनला, उतरवले तेव्हा आलेख देखणा आला. २.८ मिलिव्होल्टपाशी प्रवाह एकदम उसळला, त्याखाली तो नगण्य होता आणि त्यापुढे ५० ओहम रोधाची सरळ रेषा मिळाली. खटकले एवढेच, की मधला थर ओलांडून शून्य व्होल्टेजवर वाहणारा जोसेफसन प्रवाह ९ मायक्रोअँपिअरलाच तुटत होता, म्हणजे त्यापुढे जंक्शनवर व्होल्टेज येत होते. आंबेगावकर आणि बॅरॅटॉफ यांच्या १९६३ च्या सूत्राने, जे हा प्रवाह अतिसंवाहकाची ऊर्जा-फट आणि जंक्शनचा रोध यांवरून काढते, तो ४० च्या आसपास यायला हवा होता.

माझा पहिला संशय विद्युत गोंगाटावर गेला आणि तारांना फिल्टर जोडण्यात व अर्थिंग तपासण्यात मी दोन दिवस घालवले. वास्तविक ४.२ केल्विनला औष्णिक गोंगाटाचे माप ०.२ मायक्रोअँपिअरच्याही आत असते आणि बाहेरचा गोंगाट असता तर प्रवाह दर फेरीत वेगळ्या आकड्यावर तुटला असता. माझा आकडा मात्र दर वेळी तोच येत होता. हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

उलगडा झाला तो छोट्या कॉइलने चुंबकीय क्षेत्र दिल्यावर. क्षेत्र बदलले की जोसेफसन प्रवाह कमी-जास्त होतो, आणि त्याचा सर्वोच्च बिंदू शून्य क्षेत्रावर येऊन आलेख दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे. माझा बिंदू एका बाजूला सरकलेला आणि आलेख वाकडातिकडा होता, म्हणजे फिल्ममध्ये चुंबकीय फ्लक्स (क्षेत्ररेषा) अडकला होता. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूचे आवरण घालण्याचा कंटाळा करून मी प्रोब (जंक्शन बसवलेली दांडी) घाईने खाली सोडला होता, नायोबियम ९.२ केल्विनला अतिसंवाहक होताना पृथ्वीचे सुमारे ४० मायक्रोटेस्लाचे क्षेत्रसुद्धा प्रवाहाच्या सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपात त्यात अडकू शकते, आणि ऊर्जा-फटीची, म्हणजे २.८ मिलिव्होल्टपाशी दिसणारी, उसळी त्यामुळे फारशी बिघडत नसल्याने जंक्शन वरकरणी निरोगी दिसते.

मग प्रोब हेलियमच्या पातळीच्या वर उचलला, तापमापी १२ केल्विन दाखवेपर्यंत थांबलो, प्रोब बाहेर काढून आवरण चढवले आणि या खेपेस वीस मिनिटे घेत तो खाली नेला. प्रवाह ३४ मायक्रोअँपिअरला तुटला. नायोबियममध्ये तो सूत्राहून काहीसा कमीच भरतो, त्यामुळे मला तेवढा पुरेसा होता. दोन दिवस खपून लावलेले फिल्टर मी काढले नाहीत, पण त्यांनी आकडा एका मायक्रोअँपिअरनेही हलवला नव्हता.