पितळखोऱ्याची वाट आणि सॅकमधला पाऊच

ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून भाच्याचा पाय सटकला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजत आले होते. तो गुडघ्यावर आपटला. जखम खोल नव्हती, पण रक्त चांगलंच वाहत होतं आणि त्यात वाळू गेली होती. बँडेज माझ्याकडे होतं. अडीअडचणीच्या बारीकसारीक वस्तूंच्या पाऊचमध्ये. पाऊच सॅकच्या तळाशी, डब्याच्या आणि रेनकोटच्या खाली.

तो बाहेर काढून चेन ओढली, तसा तो पुस्तकासारखा दोन्ही बाजूंनी सपाट उघडला. दुकानात त्याची हीच गोष्ट मला आवडली होती: एका नजरेत सगळं दिसतं. पण दुकानात टेबल होतं, इथे उतार होता. टॉर्चचे दोन सेल घरंगळत थेट पाण्यात गेले. पाठोपाठ पेन गेलं. घराची किल्ली दोन दगडांच्या फटीत अडकली म्हणून वाचली. क्रेप बँडेज मात्र आतल्या जाळीच्या कप्प्यात, इलास्टिकच्या पट्ट्याखाली असं घट्ट बसलं होतं की एका हाताने निघेना. दुसऱ्या हाताने मी भाच्याचा पाय धरला होता. शेवटी त्यानेच पाऊच धरला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही बँडेज काढा, मी बाकीचं सांभाळतो." जखमी झालेल्या पोराला सामान धरायला लावावं लागलं, हे मला फार लागलं.

श्रावण-भाद्रपदात जळगाव-धुळ्याकडून पुष्कळ मंडळी पाटणादेवीला जातात, त्यातली काही पुढे पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांपर्यंत चढतात. त्यांना वाटेची माहिती मिळावी आणि असा पाऊच घेण्याची चूक त्यांच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. जळगावहून पहाटेची गाडी धरली की चाळीसगाव तासा-सव्वातासात येतं. स्टेशनबाहेर चहा घेऊन, दुपारसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा घरूनच बांधून आणलेला असल्याने बाकी कशासाठी न थांबता रिक्षा ठरवली. पाटणादेवी तिथून साधारण १८ किलोमीटर. परतीची गाडी हाताशी असावी म्हणून रिक्षावाल्याशी येण्या-जाण्याचं एकदमच बोलून घ्या आणि त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा. खोऱ्यात आमच्या दोन्ही फोनना रेंज नव्हती आणि संध्याकाळपर्यंत एकाची बॅटरीही संपली होती.

पाटणादेवीचं, म्हणजे चंडिकादेवीचं देऊळ पुष्कळांनी पाहिलेलं असतं. पण हे पाटण गणिती भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेलं आहे, ही गोष्ट सोबतच्या मुलांना तिथे उभं राहून जरूर सांगा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, त्याचा शिलालेख इथेच सापडला. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भाचा दहावीत आहे आणि गणिताला घाबरतो. तो त्या देवळासमोर बराच वेळ गप्प उभा होता.

देवळापासून पुढे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं जंगल लागतं. आत जायच्या आधी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा. बिबट्याचा वावर असलेलं जंगल आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत बाहेर यायचं, यात तडजोड नको. पहिल्यांदा जाणाऱ्याने गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा. आम्हाला वाटेत गुरं चारणारे एक आजोबा भेटले. "कथा चालनात भाऊ?" (कुठे निघालात भाऊ?) म्हणून विचारपूस केली आणि पाणी कुठून ओलांडायचं ते काठी रोखून दाखवलं. भाचा घसरला ती जागा त्याच्या पुढची, आम्ही आमच्या मनाने निवडलेली.

आणि वर डोंगरावर ढग काळे दिसले तर मागे फिरा. खाली ऊन असलं तरीही. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच डोंगरांत रात्रीतून पाऊस झाला, कन्नड घाटात दरड कोसळली आणि चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं. या खोऱ्यात पाणी चढायला फार वेळ लागत नाही.

लेणी कागदोपत्री कन्नड तालुक्यात येतात, पण खालून चढणाऱ्याला ती खान्देशचीच वाटतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचं हे बौद्ध काम. दगड ठिसूळ, त्यामुळे पडझड फार झाली आहे. तरी चैत्यगृहाच्या अष्टकोनी खांबांवर रंगवलेल्या आकृती अजून दिसतात. शेजारच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी ढाल-भाला घेतलेले द्वारपाल आहेत. इथली एक यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. सोन्याचं बारीक काम करणाऱ्या हाताने दगड कोरला! त्याच्या छिन्न्या-हातोड्या तो कशात बांधून आणत असेल, हा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यातून जाईना. त्याला ऐन वेळी हवी ती छिन्नी नक्की सापडत असणार.

उतरताना दोनच्या सुमारास पाऊस आला. पाऊचची चेन "वॉटरप्रूफ" होती, म्हणजे दातांवर बाहेरून रबरासारखा पातळ थर होता. तरी पाणी आत गेलं. अशी चेन शिंतोडे अडवते, धो धो पाऊस नाही. शिवणीतूनही पाणी झिरपतंच. वर त्या थरामुळे रनर इतका जड सरकतो की ओल्या बोटांनी ओढवत नाही. घरी येऊन पाऊच उलटा केला तर आतल्या कापडावरचा लेप सुटून चिकट झाला होता आणि पॉवर बँकेला, औषधाच्या पाकिटाला त्याचे पापुद्रे चिकटले होते. नायलॉनच्या पाठीला पाणी अडवायला जो पॉलियुरेथेनचा लेप देतात, तो दमट उष्णतेत हळूहळू कुजतो. आपल्याकडे मे महिन्यात कपाट भट्टीसारखं तापतं आणि जूननंतर त्यालाच ओल धरते. ओला पाऊच घडी करून बंद कपाटात ठेवला की हे होणारच. माझी ती चूक होती.

मग एका रविवारी सगळं सामान चटईवर मांडलं आणि गेल्या वर्षभरात प्रत्येक वस्तू किती वेळा वापरली ते आठवून पाहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे की पाऊच कप्पे मोजून घेऊ नये. अंधारात, ओल्या हाताने, एका हाताने, न बघता हवी ती वस्तू निघते का, ते पाहून घ्यावा. त्यासाठी सामान आधी ठरलं पाहिजे. लोक उलट करतात: आधी पाऊच घेतात, मग त्यातले कप्पे भरायला वस्तू शोधतात. मीही तेच केलं होतं आणि अर्धा किलो नको ते ओझं वर्षभर वाहिलं.

चटईवर उरलं ते असं. डोक्याला लावायचा टॉर्च आणि त्याचे जादा सेल. दहा हजार एमएएचची पॉवर बँक (हिचंच वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जातं) आणि वीतभर केबल. क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जखमेचं मलम. ओआरएसची एक लिटरवाली एक पुडी, कारण खान्देशात ऑक्टोबरचं ऊनही माणसाला आडवं करतं. शिट्टी. सुई आणि जाड दोरा. छोटी कात्री, तीन मीटर दोरी, पेन, काडेपेटी, थोडे सुटे पैसे आणि आधारची झेरॉक्स. रोज कामावर जाताना यातली दोरी, काडेपेटी आणि शिट्टी काढतो, त्या जागी चष्म्याचं फडकं आणि पेनड्राइव्ह जातो. पाऊच तोच.

या ढिगाभोवती फूटपट्टी धरली तर माप निघालं १८ सेंटिमीटर लांब, १२ उंच, ५ जाड. एका हाताच्या पंज्यात मावतं. याहून मोठा घेतलात की त्यात भर पडत जाते.

बाजारात बरेच पाऊच पाहिले, पण हवं तसं एकत्र कुठे मिळेना. मग जळगावातच ताडपत्र्या, ट्रकची कव्हरं आणि सॅक शिवणाऱ्या एका काकांकडे गेलो. जुना पाऊच हातात घेऊन त्यांनी रनर दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाले, "चेन चांगली शे भाऊ, रनर घसी गया." रनर सैल पडला की दात नीट मिटत नाहीत. पकडीने दोन्ही कडांनी हलकासा दाबला की तो काही महिने आणखी चालतो. त्यांनी तो समोर दाबूनही दाखवला. पैसे घेतले नाहीत. चेन गेली म्हणून कितीतरी चांगल्या पिशव्या आपण टाकून देतो, त्यातल्या निम्म्या या एका दाबाने वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

नवा पाऊच त्यांच्याकडूनच शिवून घेतला. तयार घेणाऱ्यांनीही याच गोष्टी पाहाव्यात.

कापड ५०० डेनियरचं नायलॉन. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. १००० डेनियर दणकट असतं, पण एवढ्याशा पाऊचला ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि आत हात फिरत नाही. काकांनी आधी सुती कॅनव्हास सुचवला होता. तोही टिकतो, पण भिजला की जड होतो आणि वाळायला दोन दिवस घेतो. मेण लावलेला कॅनव्हास दिसायला सुंदर असतो, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये तो हाताला चिकट लागतो.

चेन गुंडाळीच्या दातांची, म्हणजे नायलॉनची. चेनचा नंबर हा मिटलेल्या दातांच्या रुंदीचा साधारण मिलिमीटरमधला आकडा असतो. ३ नंबर नको, ५ पुरतो, मी ८ लावला. सुटे प्लॅस्टिकचे दात असलेल्या चेनचा एक दात तुटला की ती गेली. गुंडाळीची चेन मध्येच उसवली तर रनर मागे नेऊन पुढे आणला की पुन्हा मिटते, आणि कोपऱ्यावर वळतेही छान. रनरला सुतळीएवढ्या जाड दोरीची गाठ मारून घ्या. ओल्या बोटांना ती सापडते.

उघडायची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. चेन तीन बाजूंनी आहे, पण दोन्ही कडांना आतून कापडाचे त्रिकोणी पडदे शिवले आहेत. त्यामुळे पाऊच साधारण अर्धा उघडतो आणि पोत्याच्या तोंडासारखा राहतो. उतारावर धरला तरी काही सांडत नाही. आत फक्त तीन कप्पे: एक औषधांचा, एक विजेच्या वस्तूंचा, एक बाकी सगळ्याचा. इलास्टिकचे पट्टे मुळीच नाहीत. इलास्टिकमधलं रबर आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत ढिलं पडतं, आणि नवं असताना ते बँडेज सोडत नाही, हे पितळखोऱ्यात पाहिलंच. अस्तर पिवळं घेतलं. काळ्या अस्तरात काळी केबल आणि काळा टॉर्च दिसत नाही.

शिवण तपासायला पाऊच उलटा करा. कडांना पट्टी लावून शिवलेली असावी, सुटे धागे लोंबत असतील तर ते कापड तिथूनच उसवणार. चेनच्या दोन टोकांना आणि पकडायच्या पट्टीच्या मुळाशी मशीन मागेपुढे फिरवून दाट टाके घातलेले हवेत. ताण तिथेच येतो. काकांनी पट्टीच्या मुळाशी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारून, दोन्ही हातांनी ओढून, मगच माझ्या हातात दिली. सगळं मिळून साडेतीनशे रुपये झाले.

पाणी अडवायचं काम मी पाऊचवर सोडलेलंच नाही. औषधं आणि पॉवर बँक आत वेगवेगळ्या जाड झिप-पिशव्यांत जातात. घरी आलो की पाऊच रिकामा करून उलटा करतो आणि सावलीत दोरीवर टाकतो. काळ्या मातीची धूळ दातांत बसते, ती जुन्या टूथब्रशने काढून चेनवरून मेणबत्ती घासतो. उन्हाळ्यात पॉवर बँक गाडीत ठेवत नाही, तापलेली असताना चार्जिंगलाही लावत नाही. लिथियमच्या सेलला चार्जिंगची मर्यादा बहुधा ४५ अंशांची असते, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोहोचतो.

जानेवारीत तोरणमाळला गेलो तेव्हा या पाऊचची परीक्षा झाली. शहाद्याहून घाटाने वर चढलो, यशवंत तलावाकाठी संध्याकाळ झाली आणि सातपुड्यातली थंडी बोटांत शिरली. मुक्कामी पोहोचायच्या आतच वीज गेली. सॅकच्या वरच्या खणात हात घातला, दोरीची गाठ लागली, चेन उघडली, उजवीकडच्या कप्प्यातून टॉर्च हातात आला. भाचा शेजारी उभा होता. त्याचा गुडघा केव्हाच बरा झाला आहे, पांढरा डाग तेवढा राहिलाय.

पाऊच सॅकच्या वरच्या खणातच ठेवा, हे राहिलं होतं सांगायचं. आणि वस्तूंच्या जागा बदलू नका. सोबतच्यांनाही त्या माहीत असू द्या, कारण पडणारा माणूस तुम्हीच असू शकता. भाच्याला मी डोळे मिटून बँडेज काढायला लावतो, आता तो पाच सेकंदांत काढतो. त्याला स्वतःचा पाऊच हवाय. माप तेच सांगितलंय, फक्त त्याच्या शाळेच्या कंपासपेटीसाठी लांबी दोन सेंटिमीटर वाढवली आहे. काकांनी पुढच्या गुरुवारी न्यायला बोलावलंय, आणि येताना माझा पाऊचही आणा म्हणालेत. एका हिवाळ्यात त्यांच्या शिवणीचं काय झालं, ते त्यांना पाहायचंय.