२५ नंबरच्या आइलमधला लाल ठिपका

टोरोंटोत कार्ल्टन स्ट्रीटवर पिवळट विटांची एक अवाढव्य इमारत आहे, मेपल लीफ गार्डन्स. १९३१ पासून १९९९ पर्यंत मेपल लीफ्सची आइस हॉकी टीम इथंच खेळायची आणि इथं असतानाच त्यांनी आइस हॉकीतला सगळ्यात मोठा चषक, स्टॅन्ली कप, ११ वेळा जिंकला. आता खाली लॉब्लॉजचं सुपरमार्केट आहे. २५ नंबरच्या आइलमध्ये फरशीवर एक लाल ठिपका दिसतो, रिंकचा, म्हणजे खेळायच्या बर्फाच्या मैदानाचा, बरोब्बर मध्य तिथं होता. लोक त्याच्यावरून खुशाल ट्रॉल्या ढकलत जातात. मी मात्र जरा कडेनं नेते, का ते विचारू नका, सवय आहे. भिंतीवर जुन्या निळ्या खुर्च्यांचं केलेलं मोठं मेपलचं पानही आहे, ते पण बघण्यासारखं आहे.

बांधलं कधी, तर ऐन मंदीत. टीम चालवणारा कॉन स्माइथ नावाचा हट्टी माणूस, पैसे कमी पडले तर त्यानं मजुरांना पगाराचा पाचवा हिस्सा शेअर्समध्ये घ्यायला लावला आणि जेमतेम पाच महिन्यांत एवढं धूड उभं करून दाखवलं. १२ नोव्हेंबर १९३१ ला पहिली मॅच, शिकागोशी, २-१ नं हरले. १३ फेब्रुवारी १९९९ ला शेवटची, परत शिकागो, परत हरले, ६-२. म्हणजे वास्तुशांतीला पण तेच पाहुणे आणि निरोपाला पण तेच, आणि दोन्ही वेळा जेवून गेले ते गेलेच!

मला खरा राग येतो तो गोंडोलाचा. बर्फाच्या वर छप्पन फुटांवर टांगलेली ती केबिन, तिथून फॉस्टर हेविट रेडिओवर कॉमेंट्री करायचा आणि अख्खा कॅनडा शनिवारी रात्री रेडिओला कान लावून बसायचा. १९७९ मध्ये ती चक्क भट्टीत टाकली! एवढी अवजड वस्तू कुठं ठेवायची हा प्रश्न समजू शकते, पण जाळायची?

गार्डन्सच्या आधीचं लीफ्सचं घर म्युच्युअल स्ट्रीटवर होतं, इथून चालत जाता येतं. १९१२ चं, कृत्रिम बर्फाचं. १९८९ मध्ये पाडलं, आता तिथं घरं न् छोटंसं पार्क. शिकागोवाल्यांचं जुनं शिकागो स्टेडियम तर पाडून पार्किंग लॉट केलं. मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये, म्हणजे तिथल्या टीमच्या जुन्या स्टेडियममध्ये, सिनेमा थिएटर आलं. या सगळ्यात किराणा दुकान मला सगळ्यात बरं वाटतं, रोज माणसांची ये-जा तरी असते, म्युझियम केलं असतं तर शाळेच्या सहली सोडून कोण फिरकलं असतं? शिवाय वरच्या मजल्यावर त्याच जुन्या घुमटाखाली युनिव्हर्सिटीनं रिंक केलंय, तिथं पोरं अजून खेळतात.

लीफ्स आता स्कोशियाबँक अरीनात आहेत. तिथं एकही कप आलेला नाही. आपल्याकडे असतं तर एव्हाना कुणीतरी वास्तुदोष काढून ईशान्येचा दरवाजा हलवायला लावला असता. पण शेवटचा कप १९६७ चा आहे, म्हणजे पुढची बत्तीस वर्षं ते जुन्या घरात पण रिकाम्या हातांनीच बसले होते, त्यामुळे घराला बोल लावण्यात अर्थ नाही, गोलकीपर बघा म्हणावं!