प्रदर्शन मुलांचं, थर्माकोल पालकांचा

चौथी-पाचवीच्या शोधप्रकल्पाची गाडी बहुतेक वेळा प्रश्नावरच अडते. ‘हवामानबदल म्हणजे काय?’ असं विचारलं की मुलं इंटरनेटवरून उतरवून आणतात आणि विषय तिथंच संपतो. त्यापेक्षा ‘बांध फुटला तर खाजनातल्या भाताचं काय होतं?’ हा प्रश्न द्या. (खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन.) समुद्राची पातळी वाढण्याचा जागतिक प्रश्न मग आपसूक गोव्यातल्या मांडवी नदीच्या काठावर येतो.

चार-पाच मुलांचा गट पुरे. सहा आठवडे धरा, पण मध्ये चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी येत नाही ना, ते आधी बघा. पहिला आठवडा फक्त प्रश्न घासण्यात जाऊ द्या. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर, जायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवंच: भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. सोबत मोठं माणूस हवं.

खारटपणा मोजायला नदी, खाजन आणि विहीर यांचं प्रत्येकी 100 मिली पाणी पसरट ताटल्यांत उन्हात आटवा. समुद्राच्या पाण्यातून सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ उरतं. स्वयंपाकघरातला काटा इतक्या कमी वजनाला दगा देतो, 0.1 ग्रॅम दाखवणारा घ्या. आणि रिकामी ताटली आधी तोला, हे हमखास राहतं. पावसाळ्यात नदीचं पाणी गोडं होतं, म्हणून तारीख लिहिलीच पाहिजे.

मांडणीत मुलांची खाडाखोड केलेली वही ठेवा. परीक्षक तीच आधी उघडतात.