तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अर्जावर माझी सही का?

"मास्तर, ज्यानं तुमच्या पोरीचं लगन लावलं नाही, त्याच्याच फारमावर तुमी सही काऊन केली जी?"

वरूडच्या बाजारात, एसटीत, एकदा तर मयतीच्या घरासमोर मला हे विचारलं गेलं. दर वेळी घाईत काहीतरी बोलून मी सुटका करून घेतली. तो अर्ज लोकसभेच्या उमेदवारीचा, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या म्हणजे चर्चच्या पाळकांचा, म्हणजे पाद्रींचा. आज नीट सांगतो.

आमच्या मंडळीचे पाळक जुन्या वळणाचे आहेत. दारू नाही, तमाशा नाही, बाईनं पुल्पिटवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, चढायचं नाही. माझ्या मुलीनं बौद्ध घरातला मुलगा निवडला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लावता येतं, हे मी वाचून गेलो होतो. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं, करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय दाखवला (विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर जोडले जाऊ नका, असं त्यात आहे) आणि म्हणाले, "मास्तर, मला जमणार नाही." शेवटी विशेष विवाह कायद्याखाली महिनाभराची नोटीस लागली आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घंटा वाजली नाही. माझी बायको त्या दिवसापासून त्यांना सलाम करत नाही, आणि मी तिला कधी कर म्हटलेलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी लोकसभेला अपक्ष उभं राहायचं ठरवलं. आमचा वरूड-मोर्शीचा भाग अमरावती जिल्ह्यात, पण मतदान वर्धा लोकसभेला. जागा खुली आहे. बाजूच्याच अमरावतीत ते उभे राहू शकले नसते. ती जागा अनुसूचित जातीसाठी राखीव, आणि ख्रिस्ती झालेल्या दलिताला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीत धरलेलं नाही. त्या आदेशात 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. आम्ही बाहेरच राहिलो. याचा अर्थ मला वर्ध्याला अनामत भरताना कळला. खुल्या प्रवर्गाला 25,000 रुपये, अनुसूचित जातीला 12,500. पाळकांच्या सख्ख्या चुलतभावानं बौद्ध धम्म घेतलेला आहे. आजोबा एक, वाडा एक, गावानं दोघांनाही विहिरीपासून लांबच ठेवलेलं. तो उभा राहिला असता तर त्याला अर्धेच लागले असते. यांनी मंडळीतून जमलेल्या दहा-वीसच्या नोटा टेबलावर मोजून ठेवल्या, पूर्ण पंचवीस हजार. मोजताना त्यांचा चेहरा मी पाहिला, तो मी विसरणार नाही.

मग खासदारकीच का, जिल्हा परिषद का नाही? कारण ज्या दोन गोष्टींसाठी ते उभे होते, त्या दोन्हींचा निकाल दिल्लीत लागतो. एक हा 1950 चा आदेश. 2022 साली केंद्रानं हा प्रश्न तपासायला न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला, पण आदेश बदलायचा तर संसदेतच. दुसरी गोष्ट संत्र्याची. आमच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाची, संत्री मोठ्या प्रमाणावर बांगलादेशला जायची. त्यांनी आयात शुल्क चढवत नेलं आणि इकडं बागेत व्यापारी फिरकेनासा झाला. आधीच पाणी हजार फुटांखाली गेलेलं, ऑगस्ट आला की फळगळ, वरून हा भाव. गावात एका बागायतदारानं जीव दिला, तेव्हा त्याच्या घरी पाळक सलग नऊ दिवस संध्याकाळी जाऊन बसले. ते घर आमच्या मंडळीतलं नव्हतं. प्रार्थना करू का, एवढंच विचारायचे. नको म्हटलं तर नुसते बसून राहायचे. बँकेची नोटीस आली तेव्हा त्या बाईसोबत तेच गेले.

अपक्षाच्या अर्जावर त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. नऊ मिळाले होते. दहावी सही मागायला ते माझ्या ओसरीवर आले. मी विचारलं, "निवडून आलात तर माझ्या पोरीसारख्यांच्या लग्नाचा कायदा काढून टाका म्हणणार का?" ते म्हणाले, "मास्तर, देवळात कोणाचं लग्न लावायचं हे मी शास्त्र बघून ठरवतो. सरकारच्या ऑफिसात कोणाचं लागावं, हे ठरवायचा अधिकार मला देवानं दिलेला नाही." मी पेन काढला.

पण सहीपेक्षा नंतरचं जास्त सांगण्यासारखं आहे. अर्ज भरला त्या आठवड्यात त्यांनी पुल्पिट मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदाकडे सोपवलं आणि निकालापर्यंत शेवटच्या बाकावर बसले. धर्माच्या नावानं मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण आहे, आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी तो अर्थ आणखी रुंद केला. आचारसंहितेतही प्रार्थनास्थळात प्रचाराला बंदी आहे. हे सगळ्या उमेदवारांना माहीत असतं. एका रविवारी उपासनेत एका म्हाताऱ्या बाईनं "प्रभू, आमच्या पाळकाले निवडून दे" अशी प्रार्थना सुरू केली. मागून पाळक उठले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, इथं नाही." अख्खी मंडळी गप्प. ती आजी रडली, कारण तिला वाटलं आपण पाप केलं. उपासना झाल्यावर ते तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि बराच वेळ समजावत राहिले.

खर्चाची वही माझ्याकडे होती. मर्यादा 95 लाखांची, आमची वही दोन लाखांतही पोचली नाही. चहाचाही दर अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेला असतो, त्या दरानं मी कप मोजून लिहिले.

अनामत गेली. ती वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो. निकालानंतर तीस दिवसांच्या आत हिशेब द्यायचा असतो. तो मीच नेऊन दिला.

पुढच्या वेळी सही कराल का, हेही लोक विचारतात. करीन. पण त्याआधी त्यांनी माझ्या घरी, माझ्या जावयाच्या पाटाला पाट लावून जेवायला बसावं, असं मी त्यांना सांगितलंय. ते "बघू" म्हणाले. अजून आलेले नाहीत.