गिल्बर्ट हिल ते मनोरी: एका दिवसात दोन ज्वालामुखी खडक

दहावीतल्या भाच्याला पुस्तकातला बेसाल्ट प्रत्यक्ष दाखवायचा म्हणून निघालो होतो. ट्रॅकाइट हा फिकट रंगाचा दुसरा ज्वालामुखी खडकही पाहायचं ठरल्यावर अर्ध्या दिवसाचा बेत पूर्ण दिवसाचा झाला.

सकाळी सातला अंधेरी पश्चिमेहून रिक्षाने गिल्बर्ट हिल गाठलं. वर गावदेवीचं मंदिर आहे, पायऱ्या चांगल्या आहेत. पण खडक पाहायचा तर आधी खालच्या गल्ल्यांतून फिरा. सुमारे 61 मीटर उंचीचे बेसाल्टचे काळे, उभे खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. तापलेला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, निवताना आकसतो, भेगा पडतात आणि त्या आत आत जात असे खांब सुटे होतात. आजूबाजूचा दगड खाणींनी नेला, हा तेवढा उरला. 2007 मध्ये त्याला वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पायथ्याला अगदी लगटून उभ्या असलेल्या इमारती पाहून मला वाईट वाटलं. इथे हातोडी अजिबात काढू नका.

मग मालाड पश्चिमेहून बसने मार्वे. वाटेत खारोडी लागतं. गेटवे ऑफ इंडियाचा दगड इथलाच, त्याला ‘पिवळा बेसाल्ट’ म्हणायची पद्धत आहे. मालाडचा पिवळसर दगड मात्र ट्रॅकाइटच्या कुळातला, त्यामुळे नुसत्या रंगावरून किंवा बाजारातल्या नावावरून खडक ओळखायला जाऊ नये.

मार्वेहून होडीने पाच-दहा मिनिटांत मनोरी. ओहोटीला किनाऱ्यावर फिकट, खरखरीत खडक उघडा पडतो. ट्रॅकाइट हे नावच मुळी ‘खरखरीत’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. भाच्याने दोन्हीकडे हात फिरवून पाहिला आणि त्याला फरक लगेच कळला.

दख्खनचं पठार घडवणारा ज्वालामुखीचा मुख्य उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. गिल्बर्ट हिल आणि मनोरीचा ट्रॅकाइट, दोघंही त्यानंतरचे, साधारण 6 कोटी वर्षांचे. वय जवळपास एकच, तरी जडणघडण वेगळी. प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा थर, अंशतः वितळून निघालेला शिलारस फारसा न बदलता वर आला की बेसाल्ट होतो. तोच रस वाटेत अडकून हळूहळू निवू लागला, तर लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम घेऊन ऑलिव्हिन, पायरॉक्सीन अशी खनिजं आधी वेगळी होतात. उरलेल्या रसात सिलिका (वाळूतला मुख्य घटक), सोडियम, पोटॅशियम वाढत जातं. मिठागरात मीठ खाली बसतं आणि वरचं पाणी कडू होत जातं, तसंच हे. त्या उरलेल्या रसातून ट्रॅकाइट तयार होतो. काही ठिकाणी भूकवचाचा वितळलेला भागही त्यात मिसळतो.

वर्गीकरण रासायनिक घटकांवर चालतं. बेसाल्टमध्ये सिलिका 45 ते 52 टक्के, ट्रॅकाइटमध्ये बहुधा साठीच्या घरात. पण एकट्या सिलिकेवर भागत नाही. सिलिका 65 टक्के असून सोडियम-पोटॅशियम कमी असेल, तर तो डेसाइट नावाचा वेगळा ज्वालामुखी खडक ठरतो. म्हणून आलेखात एका अक्षावर सिलिका आणि दुसऱ्यावर या दोघांच्या ऑक्साइडची बेरीज मांडतात.

जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहावं आणि मनोरीला ओहोटीच्या तासभर आधी पोचावं. शेवाळ फार निसरडं असतं, बूट पकड धरणारे हवेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या आणि खडकाचा ताजा तुटलेला भाग शोधून त्यातूनच पाहा. हवा खाल्लेला बेसाल्टही तपकिरी-पिवळा दिसतो, आम्ही पहिल्यांदा तिथेच फसलो. परतीच्या शेवटच्या होडीची वेळ मार्वेच्या धक्क्यावर सकाळीच विचारून ठेवा.