फेसच्या पुढे काय आहे? चुनखडकातल्या बोगद्याचा माझा अनुभव

चुनखडकातून जाणाऱ्या बोगद्यावर मी भूवैज्ञानिक होतो. फेस म्हणजे खोदकाम जिथवर आलं तिथली समोरची खडकाची भिंत. तिच्या पुढे काय आहे ते खोदण्याआधी सांगायचं, हे माझं काम. कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी या खडकाच्या भेगा हजारो वर्षं पोखरतं. तयार होणाऱ्या पोकळ्यांना ना ठरलेला आकार, ना दिशा. चिखलाने किंवा दाबाखालच्या पाण्याने भरलेल्या पोकळ्या सर्वांत घातक.

सुरुवात जमिनीवरून केली. खळगे, जमिनीत गडप होणारे ओढे, झरे नकाशावर मांडले. ओढ्यात रंग सोडून तो कुठल्या झऱ्यातून निघतो ते पाहिलं. अनेकांना हे वेळखाऊ वाटतं. मला मात्र यासारखं मोलाचं काम दुसरं वाटत नाही.

आत गेल्यावर भूकंपलहरींची चाचणी शंभरेक मीटरपर्यंतचं ढोबळ चित्र देते, जीपीआर, म्हणजे खडकात रेडिओलहरी सोडणारं रडार, 20-30 मीटरचं. एका टप्प्यावर दोन्हींत ठळक परावर्तन दिसलं. पण तुटका खडकही असंच दाखवतो, म्हणून निकाल प्रोब होलवरच, म्हणजे अंदाज घ्यायला पुढे पाडलेल्या बारीक छिद्रांवर. 30 मीटरचे होल, आधीच्या फेरीवर 5 मीटर ओव्हरलॅप, काही बाहेरच्या बाजूला तिरके. एकच होल पाण्याच्या वाटेला मीटरभराने हुकू शकतो. प्रत्येक होलच्या तोंडाशी सिमेंटमध्ये पक्का केलेला पाइप आणि व्हॉल्व्ह हवाच, कारण 100 मीटर उंच पाण्याचा दाब सुमारे 10 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दहापट, भरतो.

एका होलमध्ये ड्रिलिंगचा वेग एकाएकी वाढला, होलमधून परत येणारं पाणी तांबूस झालं आणि ड्रिलचा रॉड पुढे सटकला. म्हणजे पोकळी लागली होती. व्हॉल्व्ह बंद केला, दाब मोजला.

मग प्रश्न आला: पाणी काढायचं की कोंडायचं? 2010 मध्ये सुरू झालेल्या चीनमधल्या यिचांग–वानझोऊ रेल्वेमार्गावर पाणी ठरवून सोडून दाब उतरवला गेला होता. पण फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या मों दॉर बोगद्यात 1912 मध्ये पाणी फुटलं, तेव्हा वरचे झरे आटले होते. आम्ही झऱ्यांची पातळी मोजत थोडंथोडं पाणी सोडलं, दाब उतरल्यावर बोगद्याभोवती ग्राउटिंगचं, म्हणजे खडकाच्या भेगांत दाबाने भरलेल्या सिमेंटच्या मिश्रणाचं, कडं केलं, छताला पाइप रूफ, म्हणजे पुढे खडकात बसवलेल्या पाइपांचा आधार, दिला आणि छोट्या टप्प्यांत खोदलं.

तळ विसरून चालत नाही. खालची पोकळी नंतर गाडीच्या भाराने खचू शकते, म्हणून तिथेही होल घेतले आणि सापडलेली पोकळी काँक्रीटने भरली. पाण्याची जुनी वाट मात्र बुजवली नाही. बोगद्याखालून पाइप टाकून ती पलीकडे जोडून दिली.